सातची पाटी

वडनेर,
ता. १२ फेब्रुवारी १९८७

प्रिय रुखमा,

सप्रेम नमस्कार. पंधरा वर्षांनी माझं पत्र आलेलं पाहून तू आधी शिवी हासडशील, मग वाचशील. हासड. इकडे सर्व ठीक. तूर निघाली, धाकटीला गोवर येऊन गेला. माहेरी गेले तेव्हा तुझा जंगूदादा भेटला. तुझे दिवस भरत आलेत म्हणाला. पुलगावात आहेस तर सुईणीच्या भरवशावर राहू नकोस, दवाखान्यातच जा.

अन्नपूर्णा गेली. मागच्या महिन्यात, साध्या तापाने.

आंजीच्या शाळेतलं ते स्नेहसंमेलन तू विसरली नसशील. ७३९३९१३३. आपण आठ जण लाल आकड्यांच्या पाट्या धरून ओळीत उभे. वासुदेवराव गुरुजींनी अख्खी दिवाळीची सुट्टी हजारावर भागाकार करण्यात घालवली होती. "या संख्येले कशानंच भाग जात नाई," ते लोकांना म्हणाले. "उजवीकडचा आकडा काढा, उरलेलीलेही नाई. आणखी एक काढा, तरी नाई." मग ते उजवीकडून एकेकाला 'बस' म्हणत, आणि तो पाटी पालथी घालून खाली बसे. आधी टिकाराम बसला, मग बायजा. शेवटी एकटा सात उभा राहिला, आणि टाळ्या मला मिळाल्या. पाट्या आठवण म्हणून ज्याने त्याने घरी नेल्या.

टिकाराम त्याच उन्हाळ्यात विहिरीत गेला. पुढे बायजा. मग एकवाला, नऊवाला, तीनवाला, बसले त्याच क्रमाने. मी योगायोग म्हणत आले, बी.ए. झालेली बाई दुसरं काय म्हणणार? पण सहावी अन्नपूर्णा. तिच्या तेरवीला गेले, तर तिची नऊची पाटी फडताळात पालथी पडलेली. "आम्ही हातबी नाई लावला," तिची आई म्हणाली.

आता त्र्याहत्तर उरलेत. तू नि मी. त्यालाही भाग जात नाही. आणि उजवीकडचा तीन तुझा आहे.

तो तुझा नव्हता, रुखमा. गणितात तुझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, म्हणून गुरुजींनी सात तुलाच दिला होता. मी घरी रडून गोंधळ घातला. बाबा शाळेत जाऊन म्हणाले, "माह्या पोरीलेच शेवटपर्यंत उभी ठेवजा." गावात त्यांचा शब्द कोण मोडणार? तू मला विचारलंस, "माही पाटी काऊन बदलवली वं?" मी म्हटलं, गुरुजींनाच ठाऊक. संमेलनानंतर तू शाळेत आलीच नाहीस, आणि मी तुला बोलवायला आले नाही. तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती. अजून वाटते.

हे पत्र आणि सातची पाटी जंगूदादाजवळ देते आहे. ती उशाशी उभी ठेव, पालथी पडू देऊ नकोस. तुझी तीनची पाटी त्याच्याच हाती पाठव; नाही म्हणू नकोस, तुला बाळाची शपथ. घरी मी कुणाला काही बोललेले नाही. पोरींचे फ्रॉक शिवून ठेवलेत, पुढच्या दोन वर्षांच्या मापाचे.

बाळाला पाढे तूच शिकव.

पाटी हातात आली की मी बसते.

तुझी,
नलू, तीन नंबरची