दोन सायलेन्सरची गाडी

धाराशिव, १२ फेब्रुवारी १९६१

प्रिय माणिकप्पा,

आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. हिंमतरावांच्या आई, धुरपदाबाई, बऱ्या आहेत. सोलापूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी उठून बसल्या, आता तामलवाडीला रानात हिंडतात. हे तरी आधीच कळवायचं, पण तुझा पत्ताच नव्हता.

हिंमतरावांनी गाडी आपल्या गॅरेजात आणली, त्यांना तिला दोन सायलेन्सर हवे होते. मी म्हणालो, चार सिलिंडरला धुराची एक नळी पुरे. दुसरीनं जोर वाढायचा न्हाय, नुसता आवाज वाढेल. तू हसलास, "आवाजच तर पायजे त्यांना!" अन् नळीला फाटा काढून दोन्ही बाजूंना सायलेन्सर बसवलेस. गाडी घुमत तुळजापूरला निघाली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मलाही झ्याक वाटलं. परतताना मागच्या सीटवर त्यांची आई बेशुद्ध पडली. आत धूर कोंडला होता. सगळे म्हणाले, दोन सायलेन्सरनी घात केला. मीही मान डोलावली. त्याच संध्याकाळी तू कुणाला न सांगता गाव सोडलंस.

गाडी नंतर मीच खोलली. तुझा फाटा, तुझे जोड सगळे घट्ट. काजळी होती ती पुढं, इंजिनातून नळी निघते त्या जोडावर. तिथं पॅकिंग घालून नट आवळायचं काम माझं होतं. दोन नट नुसते हातानं फिरवून मी जेवायला उठलो होतो, अन् नंतर विसरलो. धूर तिथून आत शिरला. मी नट आवळले अन् तोंड शिवून बसलो. लोक तुला नावं ठेवत, मी ऐकत राहायचो. सिद्धम्मा विचारायची, जेवण का जात न्हाय? बायकोला तरी काय सांगणार?

परवा तामलवाडीला जाऊन मायलेकांसमोर सगळं ओकून टाकलं. हिंमतराव ताडकन उठले. म्हातारी म्हणाली, "म्या जिती हाय न्हवं? मग त्या दुसऱ्याला बोलवा, कुठं तोंड लपवून बसलाय त्यो." घरी येऊन दोन महिन्यांत पहिल्यांदाच पोटभर जेवलो.

आज लॉरीअड्ड्यावर तुझी चौकशी करत फिरलो. एक जण म्हणाला, माणिकप्पा विजापूरच्या अडतीत पोती उचलतो, मोटारीला हात लावत न्हाय; म्हणतो, माझ्या हातानं एक म्हातारी मेली. ते ऐकलं अन् तिथंच लॉरीच्या पायरीवर बसून कागद घेतला. तुझ्या हातानं कुणाचंच काही झालं नव्हतं, माणिकप्पा. चूक माझी होती.

तुझाच,
बंडप्पा