लव्हाळ्याची गाठ

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार. कडेगाव.

गॅलरीत चार कुंड्या मांडून हयात काढलेल्या माझ्या बायांनो! (पस्तीस वर्षं व्यासपीठावर गेली, आता रोजनिशीतही सभाच भरते.) आपलं गाऱ्हाणं एकच: आपल्या वाट्याला माती कधी आलीच नाही. आज ती मला मिळाली. सांगलीतला दुसरा मजला सोडून आम्ही सुभेदार उदयसिंहांच्या बंगलीत भाड्यानं आलो. ते पंजाबात पोस्टिंगवर. घर दोन वर्षं बंद होतं. पितृपक्षात सामान हलवलं म्हणून नातेवाइकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

चिंतामणचा पलंग खिडकीशी लावला. नवऱ्याला मी पहिल्यापासून नावानंच हाक मारते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्याची डावी बाजू गेली, वाचा गेली. उजव्या हातानं पाटीवर लिहितो. आज बाहेर बघून त्यानं लिहिलं: गुलाब. दिवाळीला तुला गुलाबांत बसवते, असा शब्द दिला.

१२ सप्टेंबर

गुलाबांसाठी आखलेल्या वाफ्यात भलतंच गवत निघालं. देठ बोटांत फिरवला, तीन कडा लागल्या. हरळी नव्हे, लव्हाळा. कुंपणापलीकडून बनुबाईंनी हटकलं. ऐंशीच्या आहेत, आवाज मात्र खणखणीत. म्हणाल्या, आवं मास्तरीणबाई, वरनं कापा, रोज कापा, पर खाली हात घालू नगा. गाठ तुटली की धा गाठी जाग्या हुत्यात.

मी हसले. आयुष्यभर एकच वाक्य गर्जत आले आहे: मुळासकट उपटा. हुंडा असो, बुवाबाजी असो, वरवर कापून काय साधलं आजवर? मी टिकाव घेतला.

२१ सप्टेंबर

हातभर खोल गेले. एका देठाखाली एक काळी गाठ, तिच्याखाली बारीक दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ, मग तिसरी. माळ तुटते आणि टोक खालीच राहतं. जिथे खणलं तिथे आठवड्यात दाट पोपटी गालिचा. बनुबाई म्हणाल्या, न्हाई म्हनलं हुतं का न्हाई? भाषण ठोकून गवत मरत न्हाई, बाई.

खतांच्या दुकानातून औषध आणून मारलं. पिवळा पडला. जिंकले.

१ ऑक्टोबर

नाही जिंकले. पुन्हा आला. काळं प्लास्टिक अंथरलं तर पाती सुईसारखी त्यातून वर आली. आज चिंतामणच्या पलंगाखाली, दोन फरश्यांच्या सांध्यातही एक हिरवं टोक. उपटलं. त्यानं पाटीवर लिहिलं: राहू दे. मी पाटी पुसली.

८ ऑक्टोबर

बायांनो, शत्रूला कामाला लावणं हाच खरा विजय! लव्हाळ्याच्या गाठी म्हणजे नागरमोथा, उटण्यातला. दोन टोपल्या गाठी साठल्या आहेत, वास तर अत्तरासारखा. बनुबाईंची सून संयोगिता बचत गट चालवते. दिवाळीसाठी उटणं करून विकायची कल्पना तिला फार आवडली. बनुबाईंचं मात्र टुमणं, गाठ दगडावानी वाजंस्तोवर वाळवा, पंधरा दिस ऊन दावा. आभाळ भरलेलं, दिवाळी तोंडावर. तीन दिवस वाळवल्या आणि डंकावर कांडून आणल्या. जरा ओलसर, भरड निघाल्या. चालेल.

१४ ऑक्टोबर

उटण्याच्या पुड्या गेल्या. इस्लामपूर, औंध, सातारा, सांगली. माझ्या भाषणांना आलेल्या सगळ्या बायांच्या घरी.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे चिंतामणला तेल लावलं, मग उटणं. डाव्या हातावर जास्त वेळ चोळलं. त्याला काही कळत नाही म्हणून मलाच वाईट वाटत होतं. तो हसला. गुलाब आले नाहीत, एवढीच खंत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

डाव्या हाताचं बोट हललं! दोन वर्षांनी! मी रडले, बनुबाईंच्या गळ्यात पडले. त्यांनी आपलं मनगट पदराखाली घेतलं.

२५ ऑक्टोबर

त्याच्या दंडावर हिरवा धागा चिकटलेला. काढायला गेले तर निघेना. ओढला. रक्त नाही. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ, ओली.

पाटीवर: दुखत नाही. तेच वाईट.

२६ ऑक्टोबर

दंडावर दहा.

सकाळपासून फोन. संयोगिताच्या गटातल्या एकीची साक्षी, कानामागे. औंधच्या मनुबाई, मानेवर. सगळ्यांचा एकच प्रश्न, बाई, काय करू? मी ठणकावून सांगितलं. जे नेहमी सांगते तेच. उपटा. मुळासकट उपटा.

२८ ऑक्टोबर

डॉक्टर घरी येऊन गेले. चिमट्यानं तीन ओढून काढले, काचेच्या बाटलीत नेले. असं कधी पाहिलं नाही म्हणाले.

संध्याकाळी कोपरापासून खांद्यापर्यंत कातडीखाली मण्यांची माळ. बोट लावलं की सरकते.

डावा हात दिवसभर हलतो. पलंगावरून लोंबून फरशी खरवडतो. सांध्यातली माती उकरतो—

पाटीवर: तो हात माझा नाही.

२९ ऑक्टोबर

साक्षीची आई रडत होती. कानामागे एक उपटला, आता गळाभर. बाई, तुमीच सांगितलं हुतं—

मी फोन ठेवला. मी. फोन ठेवला.

३० ऑक्टोबर

बनुबाई आल्या. टोमणा नाही, काही नाही. पदर सारून मनगट दाखवलं. एकच पातं, नखाएवढं. सुनेनं आग्रह केला म्हणून त्यांनीही उटणं लावलं होतं. म्हणाल्या, दिवाळीपासनं रोज सकाळी कात्रीनं वरनं कापते. एकाचं दोन झालं न्हाई. उलट बारीक पडत चाललंय. ओढलं न्हाई, खणलं न्हाई. इतकंच.

इतकंच. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी मला. इतकंच—

कात्री आणली. चिंतामणचे कापत बसले. किती? छातीपर्यंत गेले आहेत. उशीर. मीच उपटून उपटून—

त्यानं पाटी ओढून घेतली. उशीर झाला, असं लिहील वाटलं. लिहिलं: बाकीच्यांना सांग.

३१ ऑक्टोबर

पलंग रिकामा.

गुलाबांच्या वाफ्यात पाठ टेकून पडलेला. डोळे उघडे. श्वास चालू. डाव्या हातानं ओढत नेला असणार, उंबऱ्यापर्यंत नखांचे ओरखडे—

काखेत हात घालून उचलला. खाली काहीतरी ताणलं गेलं. एक बारीक तुटल्याचा आवाज. त्याचं तोंड उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज आला त्याच्या तोंडून, आणि तो असा—

सोडला. परत ठेवला. उचलणं म्हणजे सुद्धा उपटणंच. शेजारी बसले. उजव्या हातानं माझा हात दाबतो. एकदा. दोनदा. दिलेला शब्द पाळला गेला. वाफ्यात बसवलं मी त्याला.

१ नोव्हेंबर

माझ्या तळव्यातही आलं. उटणं मीच तर चोळलं. काल भीतीनं, सवयीनं— ओढलं. आज पाचही बोटांत. पेन धरवत नाही. बोटं टेबलाखाली जातात, मातीकडे—

डाव्यानं लिहिते आहे. पानाचा फोटो संयोगिता गटावर टाकेल. सगळ्या गावांत जाईल.

बायांनो. माझ्या आवाजावर विश्वास ठेवून उभ्या राहिलेल्या बायांनो. मी चुकले. आजवर टाळ्या घेतलेलं वाक्य परत घेते. साक्षीला सांगा, मनुबाईंना सांगा, ज्यांना एकच आलंय त्यांना आधी सांगा, त्या अजून वाचतील. हात लावू नका. ओढू नका. कितीही शिवशिवले तरी— कात्री घ्या. आत्ता घ्या. रोज सकाळी, वरून, फक्त वरून का—