सैल कव्हर

३ जानेवारी

चि. बेबीस, आईचे अनेक आशीर्वाद.

काल हे पुन्हा गाडी घेऊन निघाले. घराचा रस्ताच आठवेना म्हणून भर चौकात थांबून बसले. कोपऱ्यावरचा शिंपी ह्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, पण ड्रायव्हिंगचे मास्तर म्हणून ज्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली त्यांना कोण सांगणार? किल्ली लपवली की घर डोक्यावर घेतात. खिडकीतून गाडी दिसली नाही तर मात्र विसरतात. आपल्याला कुठलं गॅरेज! बाहेर उभ्या गाडीवर घालायचं कव्हर पाठव.

तुझी आई

११ जानेवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

कव्हर पाठवलंय. प्लॅस्टिकचं घेतलं नाही, आत दमट होऊन पत्रा गंजतो. हे आतून मऊ आहे, हवा खेळती राहते आणि बाबांच्याच गाडीच्या मापाचं आहे. आरशांना खिसे, पोटाखालून पट्टा. इंजिन गार झाल्यावर, धूळ पुसूनच घाल. एक ओरखडा दिसला तर मास्तर दोघींना फैलावर घेतील! क्लचवरून मी काय बोलणी खाल्ली होती त्या गाडीत. पुढच्या महिन्यात येते. बाबांना शेजारी बसवून एक चक्कर मारायची आहे.

तुझी बेबी

१८ जानेवारी

चि. बेबीस, आशीर्वाद.

तुझं कव्हर अंगावर शिवल्यासारखं बसलं, तिथंच घोटाळा झाला. आरशांचे कानसुद्धा दिसतात. ह्यांनी वरूनच गाडी ओळखली, खाली जाऊन कव्हर काढलं, नीट घडी घातली. निवडणाऱ्याला गाडीतलं कळतं म्हणाले. तू निवडलंस म्हटल्यावर केवढे खूश झाले! मग किल्ली मागितली. दिली नाही तर माझ्यावर हात उगारला गं, आयुष्यात पहिल्यांदा. नंतर स्वतःच रडत बसले. मला आता सोसवत नाही. एखादं ढगळ कव्हर पाठव, आत काय आहे ते कळू नये असं.

तुझी आई

२२ जानेवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून तशीच दुकानात गेले. मोठ्या जीपचं कव्हर पाठवतेय. सैल कव्हर वाऱ्यानं फडफडून रंग घासतं, असं दुकानदार म्हणाला. जाऊ दे रंग. वरून दोरी बांध. बाबा माझी आठवण काढतात का? तेवढं कळव.

तुझी बेबी

२९ जानेवारी

चि. बेबीस, आशीर्वाद.

नव्या कव्हरानं काम केलं. गाडीचं नावच काढेनात. मला जरा झोप लागायला लागली होती.

काल वाऱ्यानं दोरी सुटली आणि गाडी उघडी पडली. हे खिडकीशीच उभे होते. मी किल्ली मुठीत घट्ट धरली. बराच वेळ बघून म्हणाले, कुणाची गाडी आहे, धूळ खात पडलीय, मालकाला सांगायला हवं. मग आपणच खाली गेले. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना ते पाहिलं, धूळ पुसली आणि परक्याची समजून गाडी नीट झाकली. मी जिन्यात बसून रडले.

किल्ली मी आता दाराजवळच्या खिळ्याला लावली आहे, अगदी डोळ्यांसमोर. हात उगारून मागितली तरी चालेल. मागत नाहीत.

तू विचारलंस त्याचं उत्तर लिहवत नाही. लोभ ठेव, तुझ्यावरचा इथला लोभ आता मी एकटीच सांभाळते आहे.

तुझी आई

ता. क. येशील तेव्हा एकदम त्यांच्यापुढे जाऊ नकोस. आधी खालून मला हाक मार.