हळदी की राखाडी

४ डिसेंबर १९८३
आज इंदिरानगरात बिऱ्हाड लावलं. खोली एकच, पण खिडकी मोठी. येवल्याच्या अंधाऱ्या घरानंतर एवढं ऊन पाहून हसूच आलं. आमचे हे गेल्यापासून पहिल्यांदा काही माझ्या मनाने केलं. पुस्तकांची ट्रंक खिडकीखाली ठेवली. पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेल्या बाईला आणखी काय हवं! रंगारी भिकनने भिंतीवर दोन पट्टे मारून दाखवले, एक हळदी, एक राखाडी. घरमालकीण लंकाबाई म्हणाल्या, आता तुम्हाला राखाडीच शोभेल हो. मी म्हटलं, नवरा माझा गेलाय, भिंतीचा नाही. भिकन खो खो हसला.

५ डिसेंबर
उन्हात हळदी पट्टा यांच्या हातमागावरच्या रेशमासारखा दिसतो. राखाडीकडे पाहिलं की काही करावंसंच वाटत नाही. काल दोन्हींत वीतभर जागा होती. आज राखाडी हळदीला खेटलाय. भिकन म्हणतो, ओल असंल मावशी.

७ डिसेंबर
भिकनने सगळी भिंत हळदी केली. मी जेवून उठते तो राखाडी वर आलेला. नुसता डाग नव्हे. मांडी घालून बसलेली बाई, डोक्यावर पदर.
लंकाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, आधीच्या कुसाबाईही विधवाच. त्यांना हिरवा हवा होता, मीच राखाडी लावायला लावला. मग त्या भिंतीला टेकून बसायच्या. काही मागेनात, रडेनात. खोली सोडताना कुणी पाहिलं नाही. तुम्हीही ऐका, सुखाने राहाल.
असलं सुख नको. मी स्वतः डबा उचलला आणि पुन्हा हळदी फासला.

९ डिसेंबर
तिच्या शेजारी दुसरी बाई. अर्धीच. बांधा माझा. रात्री भिंतीला टेकले होते तिथे लुगड्याचा रंग गेलाय, पाठ बधिर. भूक नाही. यांचा चेहरा आठवायला वेळ लागला —
नाही. ते दुःख माझं आहे. ते देणार नाही.

१० डिसेंबर
भिकन येत नाही. लंकाबाई बाहेरून ओरडतात, निघा. मी निघाले तर उद्या दुसरी कुणी इथे टेकेल.
उजवा हात राखाडी झालाय. डाव्याने लिहितेय. त्याच हाताने भिंतीतल्या कुसाबाईच्या कपाळाला हळदी रंग लावला. तिने डोळे उघडले —

तिने माझं उजवं मनगट धरलंय. थंड. ती मला आत ओढतेय की मी तिला बाहेर — माझ्या कपाळालाही लावलाय — यांचा चेहरा आठवतोय, स्पष्ट — मी रडतेय — ओढ म्हणावं, मी सोडणार नाही —