दाराआडून आवाज येत नाही

आबा, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. आज लिहायला बसलेय ते माया दाटून आली म्हणून नव्हे. हात मोकळे राहिले तर मी समोरचं दार उघडीन, म्हणून. त्या दारामागे माझी नात नोकरीच्या मुलाखतीला बसलीय. दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटात, घरातल्या घरात. वर इस्त्रीचा शर्ट, खाली झोपायचा पायजमा. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची नोकरी. आधीच्या कंपनीने एका ईमेलवर घरी बसवलं, त्याला सहा महिने झाले. तीन फेऱ्या झाल्या, ही शेवटची. ही गेली तर आपण पुन्हा कुठे अर्जच करणार नाही म्हणते. तिचं हे बोलणं मी हसण्यावारी नेत नाही, कारण आमच्या घरात असं म्हणून खरंच तसं करणारी एक बाई आधी होऊन गेलीय.

या मुलाखतीची तऱ्हा अशी की नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत नाही. सोडवताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोलत राहावं लागतं. आणि ही घाबरली की मुकी होते. म्हणून महिनाभर ती माझ्यावर सराव करत होती. मी भेंडी चिरतेय आणि ही ओट्याला टेकून सांगतेय. "आज्जी, समज, मेट्रोच्या तिकिटाला रांग लागलीय." मी म्हटलं, "मला यातलं ओ की ठो कळत नाही." तर म्हणते, "अगं यार, कळायला नकोच. तू फक्त मधूनमधून हं म्हण." म्हटलं हं. दुसरं काय येतंय मला?

गेल्या फेरीत मात्र मी घाण केली. तुम्ही ड्यूटीवर निघालात की आई उंबऱ्यात तुमच्या हातावर दहीसाखर घालायची. पण ही घराबाहेर पडतच नाही, मग दही घालायचं कधी? मुलाखत सुरू झाल्यावर मला आठवलं, आणि मी वाटी घेऊन सरळ आत गेले. पडद्यातला माणूस एकदम ताठ झाला. कोण आलं? लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवा म्हणाला. कुणी उत्तरं पुरवतंय असं वाटलं त्याला. मी! वाटी हातात धरून चोरासारखी उभी. पोरगी पांढरीफटक पडली आणि त्यानंतर अर्धा वेळ तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तरी पुढे बोलावलं, कसं कोण जाणे. आज दही तासभर आधीच चारलं, आणि दाराला बाहेरून कडी लावून बसलेय. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

सकाळी म्हणाली, "आज्जी, पप्पांना सांग ना, मला ताप आलाय. मी नाही बसत." मी कपाळाला हात लावून बघितला. "बर्फ आहे. चल, वेणी घाल." तोंडाने फटकारलं, पण तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. कारण हेच मी तुम्हाला म्हणाले होते.

छावणीतली ती शाळा आठवतेय? आपण गावाकडून नुकतेच दिल्लीला आलो होतो, मला हिंदी धड येत नव्हतं. बहनजींनी फळ्यावर भागाकार घातला. मी केला, बरोबर केला. त्या म्हणाल्या, "कैसे किया, बोलके बताओ." सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटलीय. त्यांनी फळ्यावर पट्टी आपटली आणि माझा फ्रॉक ओला झाला. घरी येऊन सांगितलं, पोटात दुखतंय. मग म्हटलं, आईला बाळ एकटीला आवरत नाही, मी घरीच राहते. तुम्ही पलटणीतल्या शिंप्याकडून खाकी कापडाचं दप्तर शिवून आणलंत. "चार दिवस राहा, मग जा," एवढंच म्हणालात. मी त्यात लसूण भरून खुंटीला टांगलं, शाळेत परत गेलेच नाही. रोज ते बघायचात, पण शाळा सोड असं एकदाही म्हणाला नाहीत.

दार अजून गप्प आहे. वीस मिनिटं झाली. इतका वेळ माणूस गप्प कसा बसेल? नक्की मुकी झाली. माझं रक्त आहे ते.

थांबा. आवाज आला. इंग्रजीत बोलतेय, आधी चाचरत, आता सरळ. मला दोनचार शब्दच कळतात: ग्रँडमदर, स्कूल, फादर. स्वतःबद्दल सांगा म्हटलं की ती हेच सांगते, मला माहीत आहे. "आमच्या आजीला तिच्या वडिलांनी शाळेतून काढलं, म्हणून मी शिकले." लहानपणी मीच तिला सांगितलंय तसं. तिच्या बापालाही तेच सांगितलं, आणि तुम्ही हयात असताना सासरच्या माणसांनाही.

आबा, आता खणखणीत बोलतेय ती. तुमच्या नावाला काळं फासून बोलतेय. कडी माझ्या हाताशी आहे आणि मी ती काढत नाही.