मागून आणलेल्या खुर्च्या

आई, काल माझ्या शेजारणीला पापडाचं पीठ कुटायचं यंत्र मिळालं. म्हणून तुझी आठवण झाली, एरवी मी काढत नाही.

पेणच्या आपल्या घरी संस्थेच्या बाई येणार होत्या तो दिवस. घर खरंच गरजू असेल तर यंत्र देऊ, असं त्यांनी बचत गटात सांगितलं होतं. तू तेव्हा दुसऱ्यांच्या कारखान्यात रोजावर पोह्याच्या पापडाचं पीठ मुसळाने कुटायचीस. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तुझी वेणी मी घालायचे. यंत्र आलं असतं तर घरीच स्वतःचे पापड केले असतेस. आणि तू काय केलंस? शेजारच्या काकूंकडून खुर्च्या आणल्यास, टेबलफॅन आणलास, स्टीलचे पेले आणलेस. मी म्हटलं, "आई, कशाला हे?" तू म्हणालीस, "मग पावण्यांना काय गोणपाटावर बसवू?" काकू दारातून हसल्या, "फ्रिज पन नेतेस काय गो? उचलायला मानसं धाडते."

बाईंनी चहा घेतला, घरभर नजर फिरवली. जाताना म्हणाल्या, "छान चाललंय की तुमचं, ताई. आधी खऱ्या गरजूंना देऊ." त्यांच्या हातातल्या पेल्यावर काकूंच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. ते त्यांनी पाहिलं नाही, तुझा खांदाही पाहिला नाही. तूही "व्हय बाय, आमचं बरं हाय," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुसळ. शेवटपर्यंत तेच.

आता मी रोह्याला, नदीपलीकडे अष्टमी गावात राहते. गेल्या महिन्यात इथेही अशाच एक बाई येणार होत्या. शेजारीण माझ्याकडे खुर्च्या मागायला आली. मी दिल्या नाहीत. "दोन खुर्च्यांनी तुझं काय झिजनार हाय गो?" ती म्हणाली. मी तुझी गोष्ट सांगितली, तिला पटली नाही. बाई चटईवर बसल्या, यंत्र आलं. काल तिने आळीभर पेढे वाटले, माझं दार सोडून.

हे तुला वाचून दाखवायची सोय नाही, आणि असती तरी पुढचं मी गाळलं असतं. बाई गेल्यावर तू एका खुर्चीत बसलीस, पंखा तोंडावर घेतलास आणि उरलेला चहा काकूंच्या पेल्यातून प्यालीस. घर छान दिसत होतं. खुर्च्या परत द्यायला मलाही उठावंसं वाटत नव्हतं.