मेणातली रेघ

सोमवार, १४ तारीख

प्रिय चिंगे,

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा बरा आहे, बाबांची कुरकुर चालू आहे, म्हणजे घरी सगळं ठीक. गुरुवारी तुझी पीएच.डी.ची व्हायवा. आई आत्तापासूनच शेजारणीला "आमची डॉक्टर" म्हणून सांगत सुटली आहे. मागच्या आठवड्यात स्लाइड न्यायला प्रयोगशाळेत आलीस आणि घरी चहालासुद्धा न येता गेलीस, याचा तिला राग आहे.

इथे चोरी झाली आहे. तुझ्या समुद्री किड्याचे भ्रूण मेणाच्या ठोकळ्यात बसवून मी त्यांचे पातळ काप घेते, त्यातले स्लाइडवर न चढवलेले मेणाच्या पट्टीसकट डबीत जपून ठेवते, हे तुला ठाऊक आहे. सात नंबरची डबी रिकामी! त्या पट्ट्यांची धड मेणबत्तीसुद्धा होत नाही, त्या कोण कशाला नेईल?

आधी शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या त्या डब्यांना हात लावायला मला काय वेड लागलंय?" मग चष्मिसवर पाळत ठेवली. त्याचा प्रबंध म्हणतो, या किड्याची देहगुहा आतड्याला फुटलेल्या पिशव्यांपासून बनते; तुझा म्हणतो, मधला थर दुभंगून ती पोकळी पडते. तुमचं दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण तीन दिवसांत बिचाऱ्याने फक्त माझी गोंदाची बाटली पळवली.

सात नंबरमध्येच तुला ती पोकळी पहिल्यांदा दिसली होती. मायक्रोस्कोपवरून उठून तू मला गरकन फिरवलं होतंस.

काल डबीचं झाकण पुन्हा पाहिलं. रबरबँड आठाच्या आकड्यात गुंडाळलेला. तसा आपल्या घरात एकच माणूस गुंडाळतो. काखेत कळसा नि गावाला वळसा.

झाकणाच्या आत पट्टीचा एक तुकडा चिकटला होता, तो तुझ्या नजरेतून सुटला. त्यात तीन काप आहेत. तिन्हींत तुझ्या पोकळीची फट एकाच जागी, आणि ती भ्रूणात थांबत नाही, सरळ बाहेर मेणात जाते. स्लाइडवर मेण विरघळतं, म्हणून तिथे कुणाला कळायचं नाही. पण चिंगे, देहगुहा किड्याला असते, मेणाला नसते. ती माझ्या पात्याच्या खाचेची रेघ आहे.

आता माझंही ऐक. पातं माझ्याच हातून पडलं होतं. तू मला फिरवलंस, त्याच संध्याकाळी मला त्याची खाच दिसली. मी ते गुपचूप बदललं आणि दोन वर्षं गप्प बसले, कारण तू इतकी हसत होतीस. पुढच्या कापांत फट दिसेना, तेव्हा तू म्हणालीस, "या भ्रूणांचं वय चुकलं असेल," आणि मी मान डोलावली. मला त्याची लाज वाटते.

आज सात नंबरचा उरलेला ठोकळा नव्या पात्याने कापला. फट नाही. आतड्याला दोन्ही बाजूंनी इवल्या पिशव्या फुटल्या आहेत. चष्मिसचंच खरं आहे, मेल्याचं.

तो तुकडा मी सोबत पाठवत नाही. हे पत्र तुला बुधवारी सकाळी मिळेल. त्याच दिवशी पाच वाजता मी तुझ्या गाइडसरांच्या खोलीत जाणार आहे, पात्याचं सांगायला. त्याआधी तू त्यांना फोन केलास, तर ती आपल्या दोघींची चूक. नाही केलास, तर चूक माझी आणि चोरी तुझी.

पाच वाजेपर्यंत वाट पाहणारी, आणि त्यानंतरही तुझीच,
ताई